संपवणाऱ्याची बाजू

लांबलचक फँटसी मालिकेचा शेवटचा भाग नुकताच वाचून खाली ठेवलेल्या माणसाला विचारा, कसा वाटला? उत्तर बहुधा ठरलेलं असतं. बाकी सगळं झकास, शेवट काही जमला नाही. ‘हॅरी पॉटर’च्या सातव्या भागाला जोडलेलं एकोणीस वर्षांनंतरचं प्रकरण कित्येकांना आजही गुळमट वाटतं. स्टीफन किंगच्या ‘द डार्क टॉवर’ मालिकेचा नायक सात भागांची पायपीट करून मनोऱ्यापाशी पोहोचतो आणि तिथे त्याच्या वाट्याला जे येतं, त्यावर अनेक वाचक चिडले. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही दूरचित्रवाणीवरची मालिका २०१९मध्ये संपत आली, तेव्हा तर शेवटचा सीझन नव्याने लिहून नव्याने चित्रित करावा अशी मागणी निघाली आणि तिच्यावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

या चिडण्यामागचं एक कारण सरळ आहे. पंधरा-वीस वर्षं एखाद्या गोष्टीच्या सोबतीने राहिलेल्या वाचकाने मनातल्या मनात तिचा शेवट कधीच लिहून टाकलेला असतो. छापील शेवटाला त्याच्याशी सामना करावा लागतो, आणि त्यात तो हरतो. हे सगळे जाणतात, त्यामुळे यावर जास्त वेळ घालवायला नको.

मला मांडायचं आहे ते थोडं आडमुठं वाटेल. या प्रकारच्या लेखनात ज्याने गोष्ट पुरी केली, भले लंगडत पुरी केली असेल, त्याचं मोल ज्याने ती ऐन बहरात अर्धी सोडली त्याच्यापेक्षा जास्त मानायला हवं. सगळ्याच साहित्याला हा नियम लागू होत नाही. चार्ल्स डिकन्स १८७०मध्ये गेला, तेव्हा ‘एडविन ड्रूड’ अर्धीच झाली होती. तरी ती वाचताना माणसं भेटतात, लंडनजवळच्या एका जुनाट गावाची हवा भेटते, विनोद भेटतो. रहस्य उलगडत नाही, पण वाचण्याचे कष्ट वाया जात नाहीत. वास्तववादी कादंबरीचं प्रत्येक पान आपापला मोबदला जागच्या जागी देत असतं. एपिक फँटसीचा मामला मात्र उधारीचा असतो. तिच्यात भविष्यवाणी असते, मूर्तिमंत दुष्ट शक्ती असते, जगाचा भार खांद्यावर पडलेला कुणी खेडवळ पोरगा असतो. ही सामग्री मुळात पोरकट आहे की गंभीर, हे पहिल्या भागावरून ठरत नाही, पाचव्यावरूनही नाही. सत्ता हाती आल्यावर त्या पोराचं काय होतं, दुष्टाचा नायनाट म्हणजे नेमकं काय, किंमत कोणी मोजली, या प्रश्नांची उत्तरं शेवटच्या भागातच असतात. तो भाग नसेल, तर लेखकाने नुसती प्रस्तावना लिहिली असं म्हणावं लागतं, मग ती पाच हजार पानांची का असेना.

रॉबर्ट जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चं उदाहरण घेऊ. शेवटच्या भागाचा प्रश्न इतका उघडा पाडणारी दुसरी मालिका मला माहीत नाही. जॉर्डनचं खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. जन्म १९४८चा, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहरातला. व्हिएतनाममध्ये तो लष्करी हेलिकॉप्टरवर मशीनगन चालवायचा. परत आल्यावर त्याने भौतिकशास्त्राची पदवी घेतली, नौदलासाठी अणुअभियंता म्हणून नोकरी केली आणि मग लेखनाकडे वळला. मालिकेचा पहिला भाग, ‘द आय ऑफ द वर्ल्ड’, जानेवारी १९९०मध्ये आला. प्रकाशकाशी करार सहा पुस्तकांचा होता. सहाची अकरा झाली तरी शेवट दिसेना. दहाव्या भागाने, २००३च्या ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’ने, तर निष्ठावंतांचाही धीर सुटला. नवव्या भागाच्या अखेरीस एक प्रचंड घटना घडते आणि दहाव्या भागातल्या बऱ्याच मोठ्या हिश्शात निरनिराळी पात्रं आपापल्या जागेवरून ती लांबून जाणवत असल्याचं सांगत राहतात. लेखकाला गोष्ट संपवायचीच नाही, असा आरोप तेव्हा सर्रास होत होता. आपल्याकडे संध्याकाळच्या मालिकांवर होतो तोच.

२००६मध्ये जॉर्डनने स्वतःच्या आजाराची बातमी जाहीर केली. अमायलॉइडोसिस. या आजारात एक विकृत प्रथिन अवयवांत साचत जातं. त्याच्या बाबतीत ते हृदयात साचत होतं. बारावा भाग हाच शेवटचा असेल आणि तो एकाच पुस्तकात बसेल, त्यासाठी प्रकाशकाला बांधणीचं नवं तंत्र शोधावं लागलं तरी बेहत्तर, असं तो थट्टेने सांगायचा. १६ सप्टेंबर २००७ रोजी, ५८व्या वर्षी, तो गेला. शेवटच्या आठवड्यांत त्याने घरच्यांना जवळ बसवून उरलेली गोष्ट तोंडी सांगितली, काही टिपणं करून ठेवली, आणि सर्वांत शेवटचा प्रसंग त्याआधीच लिहून ठेवलेला होता.

त्याची पत्नी हॅरिएट मॅकडूगल पहिल्या पुस्तकापासून मालिकेची संपादक होती. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढचा निर्णय विधवेने घेतला असं बोललं जातं. प्रत्यक्षात तो संपादकाने घेतलेला निर्णय होता. ब्रँडन सँडरसन नावाच्या एका तरुण लेखकाने जॉर्डनवर लिहिलेला मृत्युलेख तिच्या वाचनात आला. तिने त्याची ‘मिस्टबॉर्न’ वाचली आणि त्याला विचारलं. सँडरसन तेव्हा ३२च्या आसपास होता; ही मालिका तो शाळकरी वयापासून वाचत आला होता. चार्ल्सटनच्या घरी पोहोचल्यावर त्याने आधी मागितला तो शेवट. ज्या मालिकेच्या शेवटासाठी लाखो लोक ताटकळत होते, तिचा शेवट वाचायला बसलेला हा वाचकच पुढे तिचा लेखक होणार होता. हाती सुमारे २०० पानांचा ऐवज आला. त्यात पुरी लिहिलेली दृश्यं होती, अर्धवट दृश्यं होती, एकमेकांना छेद देणाऱ्या नोंदीही होत्या. एका पुस्तकाची तीन पुस्तकं झाली: ‘द गॅदरिंग स्टॉर्म’ (२००९), ‘टॉवर्स ऑफ मिडनाइट’ (२०१०) आणि ८ जानेवारी २०१३ रोजी आलेलं ‘अ मेमरी ऑफ लाइट’. मालिकेची मुखपृष्ठं रंगवत आलेला डॅरेल स्वीट हा चित्रकारही २०११च्या डिसेंबरात गेला, आणि शेवटचं मुखपृष्ठ मायकेल व्हेलनने केलं. १४ भाग, ४० लाखांहून जास्त शब्द, २३ वर्षं.

आता या शेवटच्या पुस्तकाचे दोष आधी सांगून टाकतो. नऊशेच्या घरातल्या पानांत ‘द लास्ट बॅटल’ नावाचं एकच प्रकरण जवळजवळ दोनशे पानांचं आहे. आघाड्या बदलतात, सेनापती बदलतात, दोन पानांपूर्वी मेलेला कोण हे मागे उलटून बघावं लागतं. पहिल्या भागापासून नायकांच्या मागावर असलेला पॅडन फेन हा खलपुरुष इतका झटपट निकालात निघतो की त्याला तेरा भाग कशाला पोसला, असं वाटतं. मॅट नावाचा जुगारी, वाह्यात, मनाने मात्र खरा असा एक नायक आहे. जॉर्डनच्या हातात त्याचा विनोद त्याच्या नकळत घडायचा. सँडरसनच्या पहिल्या प्रयत्नात तो ठरवून विनोद करू लागला. सँडरसनने पुढे हे कबूलही केलं. भाषा सपाट झाली आहे. जॉर्डन पोशाखाच्या कशिद्यावर अर्धं पान खर्च करायचा याचा आपल्याला कंटाळा यायचा. तो कशिदा गेल्यावर लक्षात येतं की ते जग त्या कशिद्यावरच उभं होतं.

एवढं असूनही हे पुस्तक नसतं, तर आधीच्या तेरांचं काय झालं असतं, हा प्रश्न विचारून बघा.

मालिकेचा नायक रँड हा मेंढपाळाच्या घरात वाढलेला तरुण. तीन हजार वर्षांपूर्वी जगाला वाचवताना वेडा होऊन आपल्याच बायकामुलांना मारून बसलेल्या एका वीराचा तो पुनर्जन्म आहे. काळाचं चाक फिरतं, युगं येतात आणि जातात, तीच युद्धं पुन्हा लढावी लागतात, ही या जगाची घडण. कालचक्राची कल्पना जॉर्डनने आपल्या भागातल्या, हिंदू आणि बौद्ध परंपरेतून उचलली हे उघड आहे. तिच्यात नॉर्स, आर्थर राजाच्या आणि ख्रिस्ती कथा मिसळल्या, हेही तितकंच उघड. पण ही कल्पना घेतली की लेखकाच्या गळ्यात एक अवघड प्रश्न पडतो. सगळं पुन्हा घडणारच असेल, तर लढायचं कशासाठी? अकरा भागांत रँड या प्रश्नाखाली दबत जातो. आपल्यामुळे मेलेल्या स्त्रियांची नावं तो मनात यादी करून घोकतो, हळूहळू दगडासारखा होत जातो. जॉर्डनच्या हयातीतली मालिका इथे थांबते. म्हणजे आपल्याजवळ उरला असता तो एक हताश माणूस आणि फिरणारं चाक. तेवढ्यावरून या मालिकेचं तत्त्वज्ञान काढायचं, तर ते निव्वळ प्रारब्धवादाचं निघालं असतं.

उत्तर येतं ते शेवटच्या तीन भागांत. बाराव्या भागाच्या अखेरीस रँड एका पर्वतशिखरावर उभा आहे, आणि हे सगळं चाकच मोडून टाकावं इतका तो खचलेला आहे. तिथे त्याला उमगतं की पुन्हा जन्माला येणं म्हणजे चुकलेलं दुरुस्त करण्याची, पुन्हा प्रेम करण्याची संधी. आपल्याकडे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका मागण्याची परंपरा जबर आहे; त्या पार्श्वभूमीवर एका अमेरिकन माजी सैनिकाने आखलेल्या गोष्टीतला नायक फेऱ्याचंच स्वागत करतो, हे मला मोठं वाटतं. एखाद्या वैष्णवाला ते फारसं परकं वाटणारही नाही. मुक्ती नको, पुन्हा जन्म दे, असं मागणं आपल्या संतांनीही मागितलेलं आहे.

आणि चौदाव्या भागात खरा घाव बसतो. रँड अंधाराच्या अधिपतीसमोर उभा राहतो. वाचक तेरा भाग ज्या क्षणाची वाट पाहत होता, तो म्हणजे त्या अधिपतीचा वध. दोघेही एकमेकांना संभाव्य जगं दाखवतात. रँड आपलं आवडतं जग रचून दाखवतो: दुष्टतेचं बीजच नसलेलं. त्या जगात त्याला जिवाभावाची माणसं भेटतात, आणि त्यांच्या डोळ्यांमागे काहीच नसतं. वाईट निवडण्याची शक्यताच काढून घेतली, तर चांगलं निवडणंही उरत नाही. माणसाच्या जागी हसरं बाहुलं शिल्लक राहतं. मारणं हातात असूनही रँड मारत नाही. तो तुरुंग नव्याने बांधतो आणि शत्रूला आत ठेवून दार लावतो. त्याआधी त्याच्या मनातल्या यादीचं ओझंही उतरतं. त्या स्त्रिया त्याच्यामुळे मेल्या नव्हत्या. त्या आपल्या निर्णयाने लढल्या होत्या, आणि तो ते श्रेय त्यांच्याकडून हिरावून घेत होता.

फँटसी म्हणजे काळं-पांढरं, चांगल्याने वाइटाला मारायचं, असा आक्षेप घेणाऱ्यांना या प्रसंगापर्यंत आणून सोडायला हवं. पण त्यासाठी चौदावा भाग अस्तित्वात असायला हवा. तो सुबक नसेल, पण आहे.

एक गोष्ट मात्र या पुस्तकाला साधली नाही, आणि ती टॉल्किनला साधली होती. त्याच्या अंगठीच्या कथेचा शेवटचा भाग, ‘द रिटर्न ऑफ द किंग’, ऑक्टोबर १९५५मध्ये आला. आधीचा भाग कथानायक फ्रोडो शत्रूच्या तावडीत सापडतो तिथे तोडलेला, आणि परिशिष्टं पुरी होईनात म्हणून वाचकांना जवळजवळ वर्षभर थांबावं लागलेलं. या भागात अंगठी नष्ट होते, आणि त्यानंतर आणखी सहा प्रकरणं आहेत. सहा! आजचा कुठलाही संपादक ती कापायला लावेल. त्यातलं एक, घरी परतलेल्या हॉबिटांना आपलंच गाव लुबाडलेलं, झाडं तोडलेली, गिरणीच्या धुराने काळवंडलेलं सापडतं ते, पीटर जॅक्सनने २००३च्या चित्रपटातून गाळलंच. त्या चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाली, त्यामुळे त्याला चूक कोण म्हणणार? मी म्हणतो. त्या प्रकरणाविना ही गोष्ट विजयाची राहते; त्याच्यासह ती युद्धावरून परतलेल्या माणसाची होते. फ्रोडो मुळात अखेरच्या क्षणी हरलेला आहे, अंगठी त्याने टाकलेलीच नाही, आणि घरी आल्यावर त्याची जखम भरत नाही. टॉल्किन १९१६मध्ये सॉमच्या खंदकांत होता. १९१८पर्यंत त्याच्या जिवलग मित्रांपैकी एकच उरला होता. जिंकून परतलेल्याला घर सापडतंच असं नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

जॉर्डनही युद्धावरून परतलेला होता. म्हणून ‘अ मेमरी ऑफ लाइट’मध्ये युद्धानंतरची पानं इतकी थोडी असावीत, याची मला खंत वाटते. एग्वेन ही मालिकेतली प्रमुख नायिका जाते. पहिल्या भागात गावातून बाहेर पडताना सोबत असलेली बेला नावाची झिपरी घोडीही शेवटच्या रणधुमाळीत पडते. आणि शोक करायला कोणाला वेळच मिळत नाही. राज्यं मोडली, शेतं करपली, हजारोंनी माणसं मेली; दुसऱ्या दिवशी चूल कोणी पेटवली? हे आपल्याला जास्त खुपतं, कारण आपल्या घरातलं सर्वांत मोठं युद्धकाव्य नेमकं उलट वागतं. महाभारतातलं युद्ध दहाव्या, सौप्तिक पर्वात संपतं. त्यानंतर आठ पर्वं उरतात. स्त्रियांचा आक्रोश, शांतिपर्वातला राज्य नको म्हणणारा युधिष्ठिर, यादवांची आपापसातली कत्तल, हिमालयाची वाट, आणि स्वर्गात सिंहासनावर बसलेला दुर्योधन दिसल्यावर भावांसोबत नरकात राहणं पत्करणारा धर्मराज. गोष्ट सांगताना आपण हे सगळं टाळतो आणि दुर्योधनाची मांडी फुटली की पुस्तक मिटतो. शेवट न आवडणारे वाचक आजचे थोडेच आहेत?

तरीही जॉर्डनने स्वतः लिहून ठेवलेला अखेरचा प्रसंग पुस्तकाला तारतो. सगळं जग ज्याला मेलेला समजून चितेला अग्नी देत आहे, तो माणूस परक्या देहात, ओळख टाकून, घोड्यावर बसून निघून जातो. त्याची अद्भुत शक्ती आता गेलेली आहे. तो चिलीम पेटवायला जातो, ती पेटते, आणि ती कशी पेटली याचं स्पष्टीकरण पुस्तक देत नाही. चौदा भाग प्रत्येक जादूचे नियम बारकाव्याने सांगणाऱ्या लेखकाने शेवटचा चमत्कार नियमाबाहेर ठेवला. चाहत्यांनी त्यावर असंख्य तर्क लढवले आहेत. मला तो प्रश्न सुटावा असं वाटत नाही. सगळे हिशेब चुकते करणाऱ्या त्या दोनशे पानांच्या लढाईपेक्षा या न सांगितलेल्या चिलमीत लेखक जास्त दिसतो.

दुसऱ्याने पुरं केलेलं पुस्तक मूळ लेखकाचं म्हणायचं का, हा आक्षेप जुना आहे आणि त्याचं उत्तरही जुनं आहे. सातव्या शतकात बाणभट्ट ‘कादंबरी’ अर्धी टाकून गेला. त्याचा मुलगा भूषणभट्ट याने उत्तरभाग लिहिला आणि सुरुवातीलाच सांगितलं की वडिलांच्या जाण्याने कथा तुटली, याचं सज्जनांना दुःख झालं म्हणून आपण हे करतो आहोत, कवित्वाच्या गर्वाने नव्हे. उत्तरभागात बाणाची झळाळी नाही, हे संस्कृतचे रसिक शतकानुशतकं म्हणत आले आहेत. पण चंद्रापीड आणि कादंबरी यांचं पुढे काय झालं, हे त्याच रसिकांना ठाऊक आहे ते भूषणभट्टामुळे. सँडरसनची भूमिका याहून वेगळी नाही. त्याने जॉर्डनची शैली जशीच्या तशी गिरवायचा प्रयत्न केला नाही, आणि ते शहाणपणाचं झालं. नक्कल जमली असती, तर जास्त खोटी वाटली असती.

मराठी वाचकाला ‘शेवटचा भाग’ ही घटना तशी नवी आहे. मालिका आपल्याकडे होत्याच. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. पण त्या सुट्या कथांच्या मालिका. कुठलंही पुस्तक आधी वाचा, कुठलंही राहू द्या; बन्या फेणे पुन्हा सायकलवर टांग टाकून हजर. त्याचा शेवट कोणी मागितलाही नाही. एका पिढीने मिळून एका शेवटासाठी थांबायचं, हा अनुभव इथल्या पुष्कळ मुलांना पहिल्यांदा मिळाला तो २१ जुलै २००७च्या पहाटे, मुंबई-पुण्यातल्या दुकानांसमोर ‘हॅरी पॉटर’साठी रांगा लागल्या तेव्हा. शेवट कोणी फोडू नये म्हणून कानांत बोटं घालायची सवयही तेव्हाचीच. ती मला तितकीशी पटत नाही. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला लाक्षागृहातून पांडव सुटणार हे माहीत असतं, तरी बुवा भुयाराशी आले की मांडव स्तब्ध होतो. टॉल्किनला शेवटच्या भागाचं नाव ‘अंगठीचं युद्ध’ असं हवं होतं, कारण प्रकाशकाने ठरवलेल्या नावातच राजा परतणार हे फुटत होतं. सत्तर वर्षं झाली, नाव फुटलेलंच आहे, आणि त्याने पुस्तकाचं काही बिघडलेलं नाही. फोडल्याने पडतो तो शेवट मुळात कच्चाच असतो. वर मी रँडचं सगळं सांगून टाकलं, ते या समजुतीवर.

गोष्ट पुरी करणाऱ्याचं मोल जास्त, या माझ्या म्हणण्यावर सर्वांत सबळ प्रतिवाद जॉर्ज मार्टिनच्या चाहत्यांचा आहे. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पाचवा भाग जुलै २०११मध्ये आला. सहावा अजून येतो आहे. मार्टिन वाक्यागणिक जॉर्डन आणि सँडरसन दोघांहून सरस आहे, यात मला शंका नाही. त्याचे चाहते म्हणतात, घाईने वाईट शेवट लिहिण्यापेक्षा न लिहिलेला बरा. याच पुस्तकांवरच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये, दूरचित्रवाणीवर, घाईचा परिणाम आपण पाहिला. वाईट शेवट मागचंही सगळं नासवतो, हे त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पण दूरचित्रवाणीवर जे फसलं ते लेखकाच्या पुढे धावल्यामुळे फसलं. पुस्तकाचा आधार संपला आणि पटकथाकारांजवळ फक्त मुक्कामांची यादी उरली. यातून सिद्ध होतं ते इतकंच की शेवटाला सवड लागते. लेखक वाचकाचं देणं लागत नाही, हेही मान्य. मार्टिनने आपला वेळ कसा घालवावा हे सांगायचा मला अधिकार नाही. मात्र त्याच्या पुस्तकांनी एक प्रश्न उभा केला आहे: सचोटीचा माणूस सत्तेच्या खेळात टिकू शकतो का? पहिल्याच भागात तो प्रश्न एका शिरच्छेदाने विचारला गेला. १९९६पासून त्याचं उत्तर आलेलं नाही. उत्तर येत नाही तोवर ही पुस्तकं थोर आहेत असं म्हणणं म्हणजे खटला ऐकून निकालाआधीच वकिलाची मिरवणूक काढणं. फ्रँक कर्मोड या इंग्रज समीक्षकाने १९६७मध्ये मांडलं होतं की आयुष्याच्या मध्यात उभ्या असलेल्या माणसाला अर्थ लावण्यासाठी शेवटाची कल्पना लागतेच. ती गरज भागवायला पुढे येणारा लेखक चुकण्याचा धोका पत्करतो, आणि श्रेय त्या पत्करण्याला आहे.

किंगने तो धोका डोळ्यांदेखत पत्करला. १९८२मध्ये पहिलं पुस्तक आलेल्या त्याच्या मालिकेची चारच पुस्तकं झाली होती, आणि जून १९९९मध्ये रस्त्याने चालताना एका व्हॅनने त्याला उडवलं. मालिका अपुरी राहू शकते, हे त्याला हाडं मोडून कळलं. उरलेले तीन भाग २००३ आणि २००४मध्ये पाठोपाठ आले. शेवटच्या पानांआधी तो गोष्टीतून बाहेर येऊन वाचकाला सांगतो की समाधान हवं असेल तर इथेच थांबा. थांबतं कोण? पुढे वाचणाऱ्याला कळतं की नायक पुन्हा पहिल्या वाळवंटात येऊन पडला आहे, फक्त या खेपेला त्याच्यापाशी आधी नसलेलं एक शिंग आहे. जॉर्डनच्या चाकाचाच हा जास्त कडू अवतार. मला तो आवडतो. न आवडणाऱ्यांशी भांडता येतं, कारण भांडायला पान समोर आहे.

‘व्हील ऑफ टाइम’ची ॲमेझॉनने केलेली दृश्यमालिका २०२१मध्ये सुरू झाली आणि मे २०२५मध्ये, तिसऱ्या सीझननंतर बंद पडली. ती सुधारत चालली होती असं म्हणणारे बरेच होते. तिचा रँड मात्र त्या शिखरापर्यंत कधीच चढणार नाही. पुस्तकांतला चढला आहे. तुम्ही दहाव्या भागाशी कंटाळून मालिका सोडली असेल, तर अकरावा, ‘नाइफ ऑफ ड्रीम्स’, हाती घ्या. त्यात जॉर्डन पुन्हा वेगात आहे आणि ते त्याचं शेवटचं पुरं पुस्तक आहे. बाराव्यात हात बदललेला जाणवेल. तो जाणवू द्या, आणि चौदावा संपेपर्यंत वाचा.